२५६ रंगांविरुद्धची फिर्याद

जिफ हे चित्रस्वरूप कालबाह्य झाले आहे, चित्रफितीचे जिफमध्ये रूपांतर करणे म्हणजे चांगल्या वस्तूची जाणूनबुजून नासाडी करणे होय, आणि हे रूपांतर टर्मिनलच्या काळ्या खिडकीत आज्ञा टंकून करणे तर निव्वळ पांडित्याचे प्रदर्शन आहे, अशी एक त्रिविध फिर्याद संगणकक्षेत्रात वावरणाऱ्या सुशिक्षित मंडळींकडून इतक्या आत्मविश्वासाने गुदरली जाते, की ऐकणाऱ्याने पुराव्याची मागणी करणे हाच औचित्यभंग ठरावा. पुरावा म्हणून जो मुद्देमाल पुढे केला जातो तोही ठराविकच असतो: पट्टे पट्टे पडलेले आकाश, ठिपक्यांनी बुजबुजलेले चेहरे, अडखळत चालणारी माणसे, आणि दहा सेकंदांच्या दृश्यासाठी कित्येक मेगाबाइटांचा भार. हा मुद्देमाल बनावट नाही. असली चित्रे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. वाद आहे तो त्यांचा कर्ता कोण, याविषयी. फिर्यादी पक्ष बोट दाखवतो ते स्वरूपाकडे. माझी कैफियत अशी, की यांपैकी बहुतेक अपराध रूपांतर करणाराच्या हातून घडलेले आहेत, आणि जे निर्णय त्याने घ्यावयास हवे होते पण घेतलेच नाहीत, त्यांची शिक्षा बिचाऱ्या जिफला भोगावी लागते आहे.

फिर्यादी पक्षाच्या बाजूचा सर्वांत बळकट दाखला त्या पक्षाकडून क्वचितच सादर होतो. तेव्हा न्यायबुद्धीला स्मरून तो मीच प्रथम सादर करतो. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीत स्टीव्ह विल्हाइट आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली जिफची रचना केली, ती मंदगती मोडेमवरून रंगीत चित्रे धाडता यावीत एवढ्याच हेतूने. आणि १९८९ साली या स्वरूपाचा जो सुधारित मसुदा प्रसिद्ध झाला त्यात, हे स्वरूप हलत्या चित्रांसाठी योजलेले नाही, मर्यादित प्रमाणात तसा उपयोग होऊ शकेल इतकेच, असा खुलासा खुद्द कर्त्यांनीच करून ठेवला आहे. चित्र संपले की पुन्हा आरंभापासून फिरू लागावे, ही आज जिफची ओळख होऊन बसलेली लकबसुद्धा मूळची नव्हे. मसुद्यात इतरांच्या सोयीसाठी राखून ठेवलेल्या मोकळ्या जागेचा लाभ घेऊन नेटस्केपच्या दुसऱ्या आवृत्तीने ती त्यात घातली. यावर माझे उत्तर एवढेच, की साधनाने कोणते काम करावे हे त्याच्या जन्मपत्रिकेवरून ठरत नाही. १९९४च्या अखेरीस युनिसिस कंपनीने, जिफच्या अंतर्यामी असलेल्या एलझेडडब्ल्यू या संकोचनपद्धतीवरील आपला पेटंटहक्क बजावण्याचा पवित्रा घेतला, त्या क्षोभातून पीएनजी हे स्थिर चित्रापुरते सर्वस्वी सरस असे स्वरूप जन्माला आले, आणि अमेरिकेतील त्या पेटंटाची मुदत २००३ मध्ये संपेपर्यंत जिफला हद्दपार करण्याच्या मोहिमाही निघाल्या. इतके होऊनही जिफ तगले, कारण पीएनजीच्या कर्त्यांनी आपल्या रचनेत गतीला जागा ठेवली नव्हती आणि लोकांना तर गतीच हवी होती. कर्त्याने जो उपयोग दुय्यम मानला, तोच अखेर या स्वरूपाच्या अस्तित्वाचे कारण ठरला.

आकारमानाचा आरोप मात्र मी विनातक्रार मान्य करतो. चित्रफितीच्या आधुनिक संकोचनपद्धतींत, आणि एच-२६४ ही त्यांतील सर्वांत रुळलेली, यंत्राला हालचालीचे ज्ञान असते: मागच्या फ्रेममधील अमुक तुकडा थोडा उजवीकडे सरकला, एवढी नोंद करून ते मोकळे होते. जिफला हे ज्ञान नाही. बदललेल्या भागाभोवती एक आयत आखावा, त्यातील न बदललेले पिक्सेल पारदर्शक म्हणून सोडून द्यावेत आणि उरलेले नव्याने लिहावेत, एवढीच काटकसर त्याला ठाऊक आहे. सबब कॅमेराच फिरू लागला, की जवळजवळ प्रत्येक पिक्सेल बदलतो आणि काटकसरीचा सारा जमाखर्च कोसळतो. धावत्या गाडीच्या खिडकीतून टिपलेल्या घाटाचे जिफ करू पाहणाऱ्याला मीही परावृत्तच करीन. परंतु वजन जास्त असणे आणि रूप वाईट असणे हे दोन निराळे गुन्हे आहेत, आणि फिर्यादी पक्ष एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खटल्यात सर्रास वापरतो.

रूपाविषयीचा आरोप सारा रंगांवर उभा आहे. जिफमध्ये २५६च रंग मावतात, खऱ्या दृश्यात ते असंख्य असतात, म्हणून जिफ कुरूप असणारच, असा हा तर्क. आणि तो ऐकावयास जितका बिनतोड वाटतो तितकाच आतून पोकळ आहे. २५६ ही केवळ संख्या झाली. ते २५६ रंग कोणते, हे ती संख्या सांगत नाही. जिफबरोबर जी रंगसारणी जाते तिच्या प्रत्येक घरात सुमारे १ कोटी ६७ लाख छटांपैकी वाटेल ती छटा बसवण्याची पूर्ण मुभा असते, आणि या मुभेचा उपयोग केला की नाही यावरच चित्राचे भवितव्य अवलंबून असते. फाब्रिस बेलार यांनी २००० साली आरंभिलेला एफएफएमपेग हा कार्यक्रम घ्या. चित्रफितींच्या बहुतेक व्यवहारांत कोठे ना कोठे त्याचा हात असतो. त्याला दुसरा काहीही तपशील न देता, ही चित्रफीत घे आणि हे जिफ दे, एवढाच हुकूम सोडला, तर तो वर्षानुवर्षे एकच ठरीव सारणी वापरीत आला: तांबड्यासाठी तीन बिट, हिरव्यासाठी तीन, निळ्यासाठी दोन. म्हणजे तांबड्याच्या ८ पायऱ्या, हिरव्याच्या ८ आणि निळ्याच्या अवघ्या ४. त्यांचा गुणाकार बरोबर २५६. दृश्य कोणतेही असो, वाटणी हीच.

या वाटणीचा अर्थ काय होतो तो पाहावा. आश्विनातल्या स्वच्छ आकाशाची निळाई क्षितिजापासून माथ्यापर्यंत ज्या शेकडो सूक्ष्म छटांनी चढत जाते, तिच्या वाट्याला निळ्याच्या चारच पायऱ्या येतात, आणि मग आकाशात पट्टे पडतात यात नवल ते काय! उलट गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत गुलालाने कोंदलेले दृश्य घेतले, तर तेथे तांबड्या आणि गुलाबी छटांची एवढी दाटी असते, की ८ पायऱ्यांत तिचा चिखल होतो, आणि त्याच वेळी शुद्ध हिरव्या व मोरपंखी रंगांसाठी राखलेली कितीतरी घरे एकही पिक्सेल वाट्याला न येता रिकामी पडून राहतात. आकाश आणि गुलाल या दोघांनाही २५६ घरे पुरेशी होती; त्यांना दिली गेली ती दुसऱ्याच कोणासाठी बांधलेली. फिर्यादी पक्षाने पाहिलेली बहुतेक कुरूप चित्रे ही या ठरीव सारणीची, किंवा तिच्यासारख्याच बेफिकीर व्यवस्थेची संतती आहेत, आणि तिच्यावरून २५६ या संख्येला दोषी ठरवणे सर्वथा गैरवाजवी आहे.

२०१५ साली क्लेमाँ बोश या फ्रेंच प्रोग्रामरने एफएफएमपेगमध्ये पॅलेटजेन आणि पॅलेटयूज या जोडफिल्टरांची भर घातली, आणि या अन्यायाचे परिमार्जन सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. पहिला फिल्टर साऱ्या फ्रेम डोळ्यांखालून घालून कोणता रंग किती वेळा येतो याची मोजदाद करतो, आणि पॉल हेकबर्ट यांनी १९८२ साली मांडलेल्या मध्यच्छेद पद्धतीच्या धर्तीवर, सर्व रंग एका कोठडीत आहेत असे कल्पून, जिच्यात विविधता अधिक त्या कोठडीचे दोन भाग, त्या भागांचे पुन्हा भाग, अशी चिरफाड करीत शेवटी प्रत्येक कोठडीचा सरासरी रंग सारणीत बसवतो. दुसरा फिल्टर त्या सारणीप्रमाणे चित्र रंगवतो. पारदर्शकतेसाठी एक घर वगळले तरी उरलेली २५५ घरे त्या विशिष्ट दृश्यासाठी, त्याच्याच रंगांतून निवडलेली असतात. मोजदाद कशाची करावी, हेही आपल्या हाती असते. सगळ्या फ्रेममधील सगळे पिक्सेल मोजले, तर मागची मोठी स्थिर भिंत मतदानात बहुमत मिळवते आणि पुढे बोलणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याला मूठभर रंगांवर भागवावे लागते. त्याऐवजी केवळ बदलणाऱ्या पिक्सेलांचीच मोजदाद करण्याचा पर्याय निवडला, तर पाहणाऱ्याचे लक्ष जेथे जाणार तेथे रंग जातात. कोणत्या प्रसंगी यांतील काय इष्ट, हे यंत्र सांगू शकत नाही. दृश्यात महत्त्वाचे काय, हे ज्याला कळते त्यानेच ते सांगावयाचे असते.

रंग निवडले तरी प्रत्येक पिक्सेलला त्याचा नेमका रंग मिळेलच असे नाही, आणि येथे डिदरिंगचा, म्हणजे उपलब्ध दोन रंगांचे ठिपके शेजारी मांडून डोळ्याला तिसऱ्याचा भास घडवण्याच्या विद्येचा, प्रश्न उपस्थित होतो. रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत प्रत्येक पिक्सेलपाशी उरलेली चूक सोळा हिश्श्यांत वाटली जाते: सात हिस्से उजवीकडच्या शेजाऱ्याला, तर तीन, पाच आणि एक असे उरलेले नऊ हिस्से खालच्या ओळीतील तिघांना. स्थिर चित्रात याचे फळ फार देखणे येते. चलचित्रात मात्र हाच गुण अंगाशी येतो. कारण चूक अशी पुढे पुढे ढकलली जात असल्यामुळे वरच्या कोपऱ्यातला एखादा पिक्सेल बदलला तरी खालच्या साऱ्या ठिपक्यांची मांडणी फिरू शकते, आणि जी भिंत मुळीच हललेली नाही तिच्यावर मुंग्या धावत असल्यासारखे दिसू लागते. ब्राइस बायर, ज्यांच्या नावाची रंगजाळी आज बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या संवेदकावर बसवलेली असते, त्यांनी १९७३ साली सुचवलेली पद्धत याच्या उलट स्वभावाची आहे. तिच्यात पिक्सेलचा निर्णय केवळ त्याच्या स्वतःच्या रंगावर आणि चौकटीतल्या त्याच्या जागेवर अवलंबून असतो. शेजारी काय चालले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. त्यामुळे स्थिर भिंत स्थिर राहते, आणि नियमित पुनरावृत्ती ओळखण्यावरच जगणाऱ्या एलझेडडब्ल्यूलाही तिचा हिशेब स्वस्तात लावता येतो. या पद्धतीची खूण म्हणजे चित्रावर उमटणारी बारीक जाळी; ती किती दिसू द्यावी आणि तिच्या मोबदल्यात पट्टे किती सहन करावेत, हे शून्य ते पाच या मापाने ठरवता येते. म्हणजे पुन्हा निर्णय आला, आणि तो दृश्य पाहूनच घ्यावा लागतो.

अडखळण्याच्या तक्रारीला एका परिच्छेदाहून अधिक जागा देण्याचे कारण नाही. जिफमध्ये प्रत्येक फ्रेमचा अवधी शतांश सेकंदांच्या पूर्णांकात लिहावा लागतो. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे चार शतांश, २० म्हणजे पाच. हे सरळ बसते. ३० फ्रेमना मात्र सव्वातीनहून किंचित अधिक शतांश हवे असतात, ते लिहिताच येत नाहीत, आणि कमीअधिक अवधींची मिसळ करावी लागते. त्याहून मौजेची गोष्ट अशी, की एक शतांशाचा अवधी लिहून अतिवेगाची हाव धरणाऱ्याचे चित्र बहुतेक ब्राउझर दहा शतांशांच्या संथ चालीने दाखवतात. रूपांतर करणाराने आधी दोन मिनिटे अंकगणित केले असते, तर ही तक्रार उद्भवलीच नसती.

यानंतर उरतो पांडित्याचा आरोप. एका टिचकीत जिफ करून देणाऱ्या संकेतस्थळांची रेलचेल असताना आज्ञा कशाला टंकायच्या, असे विचारले जाते. या स्थळांच्या मागे पुष्कळदा हाच एफएफएमपेग राबत असतो, हे सोडून देऊ. आपल्या कचेरीच्या पडद्याची फीत, तिच्यात दिसणाऱ्या नावांसह आणि आकड्यांसह, कोणा अज्ञाताच्या यंत्रावर चढवणे कितपत शहाणपणाचे, हेही तूर्त बाजूला ठेवू. माझा आक्षेप निराळा आहे. वर सांगितलेले निर्णय त्या टिचकीतही घेतले जातातच. फरक इतकाच, की ते कोणी घेतले, कोणत्या दृश्याकडे पाहून घेतले आणि काय घेतले, याची कोठेही नोंद राहत नाही. स्क्रिप्ट ही ती नोंद होय. चित्रफीत अमुक क्षणापासून अमुक सेकंद कापावी. एफपीएस या फिल्टराने फ्रेम विरळ कराव्यात. स्केलने, लान्झोस यांच्या नावाचे गणित वापरून, रुंदी घटवावी. मग स्प्लिटने प्रवाहाचे दोन फाटे करून एकातून पॅलेट तयार करावे आणि दुसऱ्याला ते लावावे, ही सारी कारवाई एका ओळीत लिहिलेली असते आणि डावीकडून उजवीकडे वाचता येते. तिच्यातील क्रमालाही अर्थ आहे. पॅलेट बनवायचे ते कापलेल्या, लहान केलेल्या फ्रेमवरून. अन्यथा जे प्रसंग अंतिम चित्रात येणारच नाहीत त्यांचे रंग सारणीतील घरे अडवून बसतात. सहा महिन्यांनी त्याच मालिकेतले पुढचे चित्र करावे लागले, तर दप्तरातून ती ओळ काढावी, दोन आकडे बदलावेत, आणि आधीच्या चित्राशी तंतोतंत जुळणारे चित्र हाती यावे. टिचकीकडून ही अपेक्षा करता येत नाही. याला कोणी पांडित्य म्हणत असेल, तर जमाखर्चाची वही ठेवणारा प्रत्येक कारकून पंडित ठरेल.

आमच्या पक्षातील मंडळींचेही काही चुकते, आणि ते झाकून ठेवण्याने आमची बाजू सबळ होणार नाही. एकाने लिहिलेली ओळ दुसऱ्याने उचलावी, दुसऱ्याची तिसऱ्याने, आणि कोणीही तिच्यातील एकेका शब्दाची विचारपूस करू नये, असा हा संप्रदाय झाला आहे. असली अंधपणे वाहिलेली स्क्रिप्ट त्या एका टिचकीहून तसूभरही श्रेष्ठ नाही, फक्त तिच्यात अहंकार अधिक. गिफ्स्की या साधनाचेच पाहा. कोर्नेल लेसिन्स्की यांचे हे साधन लागोपाठच्या फ्रेमना वेगवेगळी पॅलेटे देऊन आणि ती एकमेकांवर रचून एकाच दृश्यात हजारो रंग दाखवू शकते, व २५६ची मर्यादा ही लेखणीची होती, नियतीची नव्हे, हे त्याने प्रत्यक्ष सिद्ध केले आहे. पण म्हणून प्रत्येक फितीवर तेच चालवणारे लोक वजनाचा अर्थ विसरतात. मोठ्या दिमाखाने रंगवलेले ते चित्र मंद जोडणीवरच्या वाचकापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचा धीर सुटलेला असतो. गिफ्सिकलसारख्या कार्यक्रमाने मागाहून थोडी गुणहानी पत्करून वजन उतरवता येते, हे खरे. तथापि चित्रफितीतील मूळचा कणीदार गोंगाट आधीच एखाद्या सौम्य फिल्टराने शमवला असता, तर ती हानी पत्करण्याची गरजच पुष्कळ अंशी उरली नसती, कारण सपाट दिसणाऱ्या पृष्ठभागावरचा प्रत्येक भटका कण हा एलझेडडब्ल्यूच्या वहीत एक नवा खर्च असतो.

शेवटचा प्रश्न: मग सरळ चित्रफीतच का देऊ नये? जेथे ती चालते तेथे अवश्य द्यावी. जी सामाजिक माध्यमे आपण चढवलेले जिफ आतल्या आत एमपी-४ करून दाखवतात, आणि ट्विटरने २०१४ पासून हाच रिवाज पाडला, त्यांना जिफ देणे म्हणजे एकाच मालावर दोनदा जकात भरणे होय. २००४ मध्ये मोझिलाच्या लोकांनी आरंभिलेले एपीएनजी आणि पुढे आलेले चलत वेबपी हीदेखील सन्मान्य स्वरूपे आहेत. वाचकाच्या यंत्रावर ती उघडतील अशी खात्री असेल, तर खुशाल वापरावीत. परंतु टपालातून जाणारे पत्र, एखाद्या साधनाची माहितीपुस्तिका, जुन्या यंत्रावरचे सादरीकरण, अशा कितीतरी ठिकाणी चित्राला दार उघडे असते आणि चित्रफितीला नसते, ही वस्तुस्थिती फिर्यादी पक्षाच्या इच्छेने बदलणारी नाही.

आणि चित्रफीत गुणाने नेहमीच वरचढ, हे गृहीत तरी कोठे खरे आहे? परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी 'क्ष' हे अक्षर कसे गिरवावे याचे एक हलते चित्र करावयाचे आहे, असे समजू: पांढरी पाटी, काळे वळण, आणि लेखणीने कोणत्या दिशेने जावे ते दाखवणारा तांबडा बारीक बाण. या चित्राला २५६ रंगांची चैन नको. कडांच्या गुळगुळीतपणासाठी लागणाऱ्या मधल्या छटा धरून १६ पुरतात, डिदरिंग पूर्णपणे बंद ठेवता येते, पाटीचा पांढरा विस्तार एलझेडडब्ल्यूला जवळजवळ फुकट पडतो, आणि प्रत्येक पिक्सेल जसा लिहिला तसाच वाचला जातो. एच-२६४च्या नेहमीच्या व्यवहारात मात्र उजेडाची नोंद प्रत्येक पिक्सेलची ठेवतात आणि रंगाची चार पिक्सेलांना मिळून एकच, त्यामुळे तो तांबडा बाण कडांशी फुटून पांढऱ्या पाटीवर पसरतो. एवढे पथ्य मात्र पाळावे, की हे जिफ मूळ रेखाटनावरून थेट करावे. एकदा एच-२६४मधून जाऊन आलेल्या फितीवरून केले, तर तो पसरलेला तांबडा रंग जिफ इमानाने जसाच्या तसा जपून ठेवील, आणि फिर्यादी पक्ष तोही डाग त्याच्याच माथी मारील.